मयुरीच्या मशीनचं पाणी

कॉम्प्युटरच्या आत पाणी फिरवायचंय, त्याला नळी दाखवा, असं म्हणत माझ्या दुकानाची पायरी चढलेलं गिऱ्हाईक आजवर एकच. मयुरी. आमच्या माणिकरावांची मुलगी.

संग्रामपुरात माझं ठिबकच्या नळ्यांचं आणि पाईप-फिटिंगचं दुकान आहे, आणि माझा स्वभाव गावाला ठाऊक आहे. उगाच चौकशा करणाऱ्याला मी उभं करत नाही. त्या दिवशी तर ऑक्टोबरच्या उन्हात नळीचं बंडल उलगडता उलगडता गुंता झाला होता. मी वर न बघताच म्हणालो, "उन्हात डोकं फिरलं का तुह्यं?"

"माह्यं नाई काका, मशीनचं फिरते. दुपारी बंदच पडते थे," ती म्हणाली आणि गुंत्याचं दुसरं टोक धरून शांतपणे सोडवायला बसली. त्यामुळे तिला हाकलता आलं नाही.

मयुरी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करते. पुण्यातला एक स्टुडिओ तिला इंटरनेटवरून चित्रण पाठवतो, ती इथे बसून त्याची फिल्म करते. नवरी हसते कुठे, नवरीचा बाप डोळे पुसतो कुठे, हे तिला नेमकं सापडतं. कोल्हापूरच्या लग्नातली माणसं तिचं काम पाहून रडतात. त्यांना काय माहीत, ते काम सातपुड्याच्या पायथ्याशी टिनाच्या खोलीत बसून केलंय! पण एवढं जड काम करताना मशीन तापतं, आणि फार तापलं की जळायच्या आधी आपणहून बंद पडतं. लग्नसराई असते एप्रिल-मे महिन्यांत, आणि आमच्याकडे त्या दिवसांत टिनाखाली अंडं ठेवलं तर उकडायची गरज नाही. एसी का नाही, असं विचारू नका. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत व्होल्टेज इतकं पडतं की एसी नुसता कण्हतो.

आधीच्या उन्हाळ्यात तिने वऱ्हाडी माणूस करतो तेच केलं होतं. आमच्याकडे जे तापेल त्याच्यापुढे कूलर लावतात, मग तो नवरदेव असो की नुकतीच व्यालेली म्हैस. मयुरीने मशीनचं झाकण काढलं आणि त्याच्यापुढे कूलर लावला. मशीन गारही राहिलं. पण आमचं बोअरचं पाणी खारं. नळाच्या तोंडावर, भांड्यांवर, कूलरच्या गवतावर त्याचा पांढरा थर बसतो. कूलरच्या तुषारांबरोबर तोच खार मशीनच्या पोटात गेला आणि एका दुपारी फट्ट आवाज होऊन मशीन संपलं. स्टुडिओच्या अश्विनी मॅडम समजूतदार बाई. रागावल्या नाहीत. नवं मशीन मांडायला मदतही केली. पण सरळ सांगितलं, "मयुरी, पुढच्या उन्हाळ्यात काम थांबलं, तर तू पुण्यालाच ये. इथे गार खोलीत तुझी जागा तयार आहे."

कोणीही म्हणेल, मग जावं की. अडचण होती माणिकरावांची. ते वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. पण त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आमच्या खारपाणपट्ट्यात हे दुखणं नवं नाही. आठवड्यातून दोनदा त्यांना शेगावला डायलिसिसला न्यावं लागतं. मयुरीच्या आईचे, बनाबाईंचे, गुडघे धड नाहीत आणि गाडीत बसलं की त्यांना उलट्या होतात. भाऊ देवानंद सुरतेला, त्याचा संसार तिकडे. तेव्हा बापाला नेणारी, आणणारी, त्याच्या पाण्याचे घोट मोजणारी मयुरीच.

अश्विनी मॅडमचं बोलणं माणिकरावांच्या कानावर गेलं. एक दिवस ते दुकानात येऊन बसले. मी म्हटलं, "जय भीम माणिकराव, आज इकडं कसे?"

"महादेवराव," ते म्हणाले, "मी शेगावले जानं बंद करतो. माह्यापायी पोरगी अडकून राह्यली. मी नसलो का जाईन थे पुन्याले."

चहा सांगावा तितक्या सहज बोलले. मी संतापलो. तोंडाला येईल ते बोललो. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या मंगळवारी ते खरंच गेले नाहीत. अंगात त्राण नाही, असं निमित्त सांगून पडून राहिले. दोन दिवसांत पाय सुजले, धाप लागली, आणि शुक्रवारी मयुरीने त्यांना जवळजवळ उचलून गाडीत घातलं.

ती नळी विचारायला आली ती त्यानंतर. गुंता सोडवून झाल्यावर एवढंच म्हणाली, "बाबाच्या मनात काय हाय, मले समजलं. त्याइले समजावून उपेग नाई. येत्या मे महिन्यात मशीन चाललं पायजे, बस."

मग तिने मला सगळं समजावलं. चिप जिथे तापते तिथे तांब्याची चपटी डबी बसवायची. डबीतून पाणी न्यायचं. ते तापलेलं पाणी जाळीच्या रेडिएटरमधून फिरवून निववायचं आणि लहानशा पंपाने पुन्हा डबीकडे पाठवायचं. पाणी तेच, वाट बंद. मी म्हटलं, एवढंच ना? चार जोड आहेत, संध्याकाळपर्यंत बसवून देतो.

"नाई काका. आधी पुठ्ठ्याचं करतो."

दुधाने तोंड पोळलं होतं, आता ती ताकही फुंकून पिणार होती. माझ्या दुकानातले रिकामे खोके तिने नेले आणि प्रत्येक भाग हुबेहूब मापाने पुठ्ठ्याचा कापला. डबी पुठ्ठ्याची, पंप पुठ्ठ्याचा, पाण्याची टाकी पुठ्ठ्याची. मेलेल्या जुन्या मशीनच्या सांगाड्यात ते चिकटवून मधून ठिबकची नळी फिरवून पाहायची. नळी कुठे मुडपते, झाकण लागतं का, पाणी काढायची तोटी सगळ्यात खाली येते का. जमलं नाही की सगळं उपटायचं, पुन्हा मांडायचं. हिवाळाभर हेच. बनाबाई म्हणायच्या, "लहानपनी भातुकली खेळली नाई, थे आता खेळून राह्यली."

सल्ले द्यायला गाव होतंच. गॅरेजवाल्या सागरने ट्रॅक्टरचा जुना रेडिएटर देऊ केला. मला वाटलं, पोरगी खूश होईल. तिने हात जोडले. म्हणाली, डबी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, एकाच पाण्यात दोन्ही ठेवले तर एक दुसऱ्याला खाऊन टाकतो. मी पाईपमध्ये जन्म काढला आहे, लोखंडी पाईपला तांब्याचा तुकडा जोडला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पण ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ती आली की मी स्टूल पुसून द्यायला लागलो.

आणि मग फेब्रुवारीत एक दिवस ती त्याच स्टुलावर येऊन मटकन बसली.

"सगळं पान्यात गेलं काका. रेडिएटर पानी निववते, पन खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाई. माह्या खोलीतली हवाच आगीसारखी. मंग पानी फिरवून काय फायदा?"

एवढ्या महिन्यांचा पुठ्ठा वाया! मी नुसता पंखा तिच्याकडे वळवला. ती उठून गेली तेव्हा मला खरंच वाटलं, संपलं हे.

मार्चमध्ये माणिकरावांच्या खोलीत कूलर बसला. त्यांची खोली मयुरीच्या खोलीला लागून, मध्ये एक भिंत. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर हवा कोंडते आणि अंग चिकचिक करतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मयुरी बापाला गोळ्या देत होती. गोळ्यांचं रिकामं पाकीट तिच्या हातून सुटलं आणि उडत जाऊन खिडकीच्या जाळीला चिकटलं. पडेना. ती बघत राहिली, आणि चपला न घालता माझ्या दुकानात आली.

"काका, गार हवा बाबाच्या अंगावरून जाते आन् खिडकीतून फुकट बाहेर पडते! रेडिएटर तिथं लावला तं?"

मी हातातलं काम टाकलं. पोरीचं बरोबर होतं. जाणारी हवा बाहेरच्या झळेपेक्षा कितीतरी गार. रेडिएटरची ऊब सरळ गल्लीत जाणार, माणिकरावांना तिचा वारासुद्धा लागणार नाही. कूलर पार दुसऱ्या भिंतीला, म्हणजे त्याचे खारे तुषार तिथवर पोचत नाहीत, आणि पोचले तरी तिथे नुसती जाळी, विजेचं काही नाही. वाया जाणारी वस्तू पाहायला डोळे लागतात, आणि ते या पोरीला आहेत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी छिन्नी-हातोडा घेऊन त्यांच्या घरी हजर झालो.

नळ्या पलीकडे न्यायला भिंतीला पहिला घाव घातला आणि माणिकराव खाटेवर उठून बसले.

"थांबा! जनमभर लोकाइले सांगत आलो, ओल्या हातानं बटन दाबू नका. खांबावरून माह्या जोडीदाराले खाली उतरवलं मी, या हातानं. आन् माह्याच घरात मशीनमधी पानी सोडून राह्यले?"

मी छिन्नी खाली ठेवली. मयुरी मात्र रागावली नाही की हसली नाही. पुठ्ठ्याचा सगळा पसारा तिने आणून त्यांच्या खाटेवर मांडला. "बाबा, पानी कुठंच उघडं नाई. पाहा. इकडून गरम जाते, खिडकीत निवते, पंप वापस आनते."

माणिकरावांनी नळीवर बोट ठेवलं आणि सावकाश पूर्ण फेरी मारली. डबी, नळी, रेडिएटर, नळी, पुन्हा डबी. मग स्वतःच्या दंडावरच्या डायलिसिसच्या सुयांच्या वणांकडे पाहिलं.

"हे तं माह्यंच हाय," ते म्हणाले. "रगत एका नयीनं जाते, सुधरून दुसरीनं येते."

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. माणिकराव मला म्हणाले, "फोडा भिंत. पन भोकात प्लास्टिकचा पाईप टाका, नयी घासली नाई पायजे."

खरे भाग आले, सगळे तांब्या-पितळेचे. पुठ्ठ्याच्या जागी एकेक बसत गेले, आणि एकही नळी पुन्हा कापावी लागली नाही. पाणी डिस्टिल्ड. तरी माणिकरावांनी आरओवाल्याचं क्षार मोजायचं पेन मागवून कॅन स्वतः तपासला, मगच ओतू दिला. मशीनची वीज बंद ठेवून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद ठेवायचा आणि एक अख्खा दिवस थेंब पडतो का ते पाहायचं, असं ठरलं होतं. कागद कोरडेच राहिले. पण रेडिएटरमध्ये हवा अडकली. पंप खळखळायला लागला, पाणी पुढे सरकेना. मयुरीने टाकीचं झाकण उघडलं, पंप बंद-चालू केला, नळ्या दाबून पाहिल्या. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिचे हात चुकताना पाहिले.

"सरक," माणिकराव म्हणाले. खिडकीशी आले, रेडिएटरवर कान लावला. "एक बाजू वर धर. अजून. शेगावची सिस्टर मले नयी लावायच्या आधी काय करते, मालूम हाय? टिचक्या मारते. हवा राह्यली तं मानूस जाते म्हने." आणि ज्या बोटांनी त्यांनी आयुष्यभर तारा ओढल्या, त्या बोटांनी ते हळूहळू टिचक्या मारत खालून वर गेले. टाकीत बुडुक करून मोठा बुडबुडा फुटला. मग बारीक बुडबुड्यांची रांग लागली. मग पंपाचा आवाजच गेला. मयुरी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती आणि रडतही होती. मी भिंतीकडे तोंड करून उगाच सिमेंट खरवडत बसलो.

खरी परीक्षा मे महिन्यातल्या एका सोमवारी झाली. मलकापूरच्या एका मोठ्या लग्नाची फिल्म होती, संध्याकाळी पुण्याला पाठवायची. बाहेर रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी भर दुपारी दुकान बंद केलं, माझ्या घरच्यांना वाटलं मला ऊन लागलं. मयुरी मशीनपाशी, मी दारात, माणिकराव खाटेवर. त्यांचा एक हात खिडकीतल्या नळीवर, आणि थोड्या थोड्या वेळाने भिंतीपलीकडे आवाज देत होते, "चालू हाय!" जणू मशीनची नाडी त्यांच्याकडे होती. मागच्या साली ज्या वेळेला मशीन मेलं ती वेळ आली, गेली. चार वाजले. फिल्म पूर्ण झाली. अश्विनी मॅडमचा फोन आला तेव्हा मयुरीने स्पीकर लावला. "अगं, पोचलं की! मग आता पुण्याला काय नुसती फिरायला येणार का?"

मयुरी बापाकडे पाहत होती. माणिकरावांनी नळीवरचा हात काढला, कूस बदलली आणि डोळे मिटले.

दुसरा दिवस मंगळवार, शेगावचा. मला रात्रभर धाकधूक होती, म्हणून सकाळी गाडी यायच्या आधीच त्यांच्याकडे गेलो. माणिकराव ओट्यावर बसलेले. आंघोळ झालेली, पांढरा शर्ट, मांडीवर दवाखान्याची पिशवी. आत बनाबाईंना बजावत होते, "मी नसलो तरी कूलर बंद करू नको. खिडकीही लावू नको."

मयुरी बाहेर आली. त्यांना तसं तयार बसलेलं पाहून उंबऱ्यातच थबकली.

"काय वं," ते म्हणाले, "माह्यं तं हप्त्यातून दोनदा साफ करा लागते. तुह्या मशीनचं पानी कधी बदलवा लागते?"

"सालभरानं, बाबा."

"म्हंजे पुढच्या मार्चात." माणिकराव पिशवी सावरत उठले. "टिचक्या मी मारीन. तुले नाई जमत."