ओल्या फडक्यातलं पाकीट

आज प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक बाई हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायचं जिवाणूखत न्यायला आल्या. काळ्या भुकटीचं ते पाकीट त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलं, वर पदर धरला आणि म्हणाल्या, "जिवंत असतंय ना हे, ऊन लागायला नको."

ते जिवाणू माझ्या माहेरच्या रानातले, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! पाण्याची ओढ बसली तरी आमचा हरभरा तग धरायचा. म्हणून एका थंडीत मी तिथलं रोप मुळांवरच्या गाठींसकट इथं आणलं, गाठींतले जिवाणू वेगळे करून वाढवले. चाचण्यांत ते सरस ठरले. रान मात्र राहिलं नाही. वडील गेल्यावर तिथं प्लॉट पडले, आता बांधही ओळखू येत नाही. उरलंय ते काचेच्या नळीत. विरजण राखावं तसं मी ते एका नळीतून दुसरीत उतरवत राहते.

"गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीतच सुकवा," मी नेहमीचं सांगितलं.

"करते की. घाटे भरले की ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजू, तेव्हा या तुम्ही."

जाईन. हुळा नंतर खाईन, आधी एक रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडीन. आतून गुलाबी निघाली, म्हणजे ते तिथं नांदतायत. बाईंना काही सांगणार नाही. त्यांच्या बांधावर जरा वेळ पाय पसरून बसेन, माहेरी बसतात तशी.