खोली नंबर तीनची दांडी

मावशी रिसॉर्टमधल्या खोल्या आवरायची. बाकीच्या खोल्यांत तिचं डोकं ठिकाणावर असायचं, पण तळमजल्यावरच्या तीन नंबरमध्ये शिरली की फिरायचंच. ही खोली चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. दार रुंद, उंबरा नाही, बाथरूममध्ये भिंतीला पक्की बसवलेली बैठक आणि धरायला स्टीलच्या दांड्या. नवरा आत एकटा आंघोळ करतोय आणि बायको बाहेर पाय पसरून मासिक चाळतेय, हे पाहिलं की मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "काय पुण्य केलंय या बायांनी!" असं म्हणत ती चादर अशी झटकायची की उशीसुद्धा खाली पडायची.

कारण घरी तिचा नवरा होता. रंगारी माणूस. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, तो खुर्चीतच बसला. तेव्हापासून रोज सकाळी त्याला काखेत धरून न्यायचं, घासायचं, पुसायचं, परत आणायचं. तिची कंबर गेली आणि त्याची शिट्टी गेली. काम करताना सतत शिट्टी वाजवणारा हा गडी आंघोळीच्या वेळी भिंतीकडे बघत गप्प बसायचा.

रिसॉर्टची एक पद्धत होती. नवीन काही बसवलं की आधी कामगारांपैकी कुणीतरी ते वापरून बघायचं. तीन नंबरच्या दांड्या बदलल्या तेव्हा मॅनेजरने माळ्याला खुर्चीत बसवलं. माळी टुणकन उठला, दांडीला लोंबकळला आणि म्हणाला, "एक नंबर!"

मावशीचं टाळकं सरकलं. "साहेब, ज्याला उठता येतं तो काय डोंबल तपासणार? उद्या माझ्या माणसाला आणते."

दुसऱ्या दिवशी नवरा आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मावशी सवयीने बाह्या सरसावून, टॉवेल घेऊन बाहेर उभी. पाणी सुरू झालं. थोड्या वेळाने शिट्टी ऐकू आली.

मावशी चमकली. तिने दार वाजवलं. "अहो, पाठ चोळून देऊ का?"

"नको गं, जमतंय. दांडी आहे ना!"

मावशीच्या काळजात कळ उठली. तीन वर्षं हाडं झिजवली तिने, आणि शिट्टी वाजली ती या मेल्या दांडीसाठी! स्टीलची का असेना, सवत ती सवत.

नवरा केस विंचरून बाहेर आला. मॅनेजरने विचारलं, "कशी आहे दांडी?"

"जरा ढिली वाटते," मावशीच मध्ये बोलली.

"कुठे गं? चांगली घट्ट आहे," नवरा म्हणाला.

मॅनेजर गेल्यावर ती बाथरूम पुसायला आत गेली. दांडीवर ओल्या बोटांचे ठसे होते. ठसे पुसले गेले तरी ती घासतच राहिली.

"अगं," नवरा दारातून म्हणाला, "घरी अशी एक बसवू या का? तुझी कंबर तरी वाचेल."

तीन वर्षं ती असल्याच दांडीपायी जळत आली होती. हो म्हणायला तिने तोंड उघडलं.

"बघू," ती म्हणाली.