बिनछपराचे महिने

ज्याची नजर सदैव वर लागलेली असते, तो माणूस संसारातून सुटलेला असतो, असं आपण मानतो. आमच्या नगरपालिकेच्या कचेरीतले घरपट्टीचे कारकून कोणाच्याही घरात शिरले की आधी वर बघत. ते तुळया मोजत असत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि पट्टी खणांवर.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. अर्ज घेऊन आलेला माणूस रडो की ओरडो, अण्णांचा प्रश्न ठरलेला, "वर काय हाय, ते सांगा." शेजारच्या मेजावर बसून मी तो इतका ऐकला, की पुढे मीही लोकांच्या घरी वर बघू लागलो.

प्लेगच्या साली अर्धं कोल्हापूर गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेलं. रिकाम्या घरांत ऊन पडावं म्हणून सरकारी माणसांनी कौलं उतरवली. साथ ओसरली, लोक परतले, आणि त्यांच्या पाठोपाठ पूर्ण वर्षाच्या घरपट्टीची नोटीसही आली.

कापूस पिंजणारी एक विधवा मुसलमान बाई ती नोटीस घेऊन कचेरीत आली. पट्टी भरली नाही तर तिची पिंजायची धनुकली जप्त होणार होती. तिचं पोट त्या धनुकलीवरच होतं.

"वर काय हाय, ते सांगा," अण्णा म्हणाले.

"वर?" बाई भडकली. "आभाळ हाय! कौलं तुमच्याच माणसांनी काढली की. पाच म्हैनं माझ्या घरात कावळं उतरत हुतं. घ्या त्यांच्याकडनं पट्टी!"

कचेरी हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी नियमांचं बाड उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं : घर म्हणजे भिंती आणि छप्पर असलेली जागा. मग म्हणाले, "बसा भाभी. तुमचं बरोबर हाय."

पुढचं एवढं सोपं नव्हतं. बिनछपराच्या महिन्यांची पट्टी सगळ्यांनाच माफ करावी, असं अण्णांनी अंदाजपत्रकाच्या बैठकीत मांडलं, तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला.

"एवढा खड्डा भरायचा कशानं?"

"कमानीनं," अण्णा म्हणाले.

एका बड्या साहेबाच्या स्वागतासाठी लाकडी कमान मंजूर झाली होती, वर दोन सिंह असलेली. सभासदांचा त्या सिंहांवर फार जीव होता.

"अहो, साहेब काय म्हणतील?"

"साहेब तिच्याखालनं एकदाच जाणार. त्याला केळीचे खांब बी चालत्यात की."

बरीच बडबड झाली. शेवटी सिंह गळाले, केळीचे खांब उभे राहिले आणि माफी मंजूर झाली. साहेबांनी खांबांची तोंड भरून स्तुती केली. बाईच्या गल्लीत धनुकली पुन्हा वाजू लागली. तिनं अण्णांसाठी उशी आणली. अण्णांनी ती लाच म्हणून परत केली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन विकत घेतली.

पुढे अण्णा पेन्शनीत निघाले. निरोप समारंभात तीन वक्ते बोलले. सगळ्या शहराला माफी मिळवून देणाऱ्या या त्यागमूर्तीनं स्वतःची घरपट्टी मात्र पूर्ण वर्षाची भरली, असं तिसऱ्यानं गहिवरून सांगितलं. डोळे पुसले गेले, टाळ्या पडल्या. ज्यांना हार घालायचा, त्यांचीच खुर्ची रिकामी होती. अण्णा आदल्या दिवशीच आपल्या गावी, नेसरीला, गेले होते.

त्यांच्या घरावर पत्रा होता. तो कोणी काढलाच नव्हता.