बटणमावशीचं कपाट

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या मागे एक खोली आहे. तिथे जादा खुर्च्या रचून ठेवतात, लग्न असलं की नवरीला तयार करतात. त्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट आहे, मदतीचं कपाट. ज्याच्याकडे जास्त झालं त्याने त्यात कपडे आणून ठेवायचे, ज्याला कमी पडलं त्याने न्यायचे. ऐकायला किती सोपं! बावीस वर्षं त्या कपाटाची किल्ली एकाच बाईच्या गळ्यात होती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. रोजच्या वहीत मी एरवी बायबलमधलं वाचलेलं वचन, कोणाकोणासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं आणि घरातली दुखणीखुपणी एवढंच लिहिते. आज तिच्याबद्दल लिहिणार आहे.

तिला सगळे बटणमावशी म्हणतात. शिवणकाम करते. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची एकच खोली. खिडकीशी पायाची मशीन, भिंतीला उंच आरसा, आरशासमोर ठेंगणं स्टूल, आणि फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे, सगळे बटणांनी भरलेले. खालच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येते, त्यामुळे खोलीला कायम ओल्या लोकरीचा वास. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "माप बसलं नाही."

पैसेवाल्यांकडून ती पुरेपूर शिलाई घेते, एक पै सोडत नाही. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "अगं, देवळातली माणसं आपण, काहीतरी कमी कर." मावशी टाचण्या तोंडातच ठेवून म्हणाली, "बाई, मी तुमच्या भल्यासाठीच घेते. प्रभूने सांगितलंय ना, सुईच्या नेढ्यातून उंट जाईल, पण श्रीमंत माणूस स्वर्गात जाणं त्याहून कठीण? जरा बारीक व्हाल तर आत जाल." डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की टाचलेली कंबर उसवली.

तर कपाटाची गोष्ट. त्यात आलेला कपडा मावशी कधी तसाच बाहेर देत नसे. आधी तो तिच्या खोलीवर जायचा. तिथे सगळी बटणं कापून डब्यात पडायची आणि दुसऱ्या डब्यातली वेगळीच बटणं लागायची. कॉलर बदलायची, खिसा डावीकडचा उजवीकडे जायचा, फ्रॉकला पट्टी लागायची. शिवाय ज्याला द्यायचा त्याला ती वर बोलवायची, स्टुलावर उभं करून टेपने माप घ्यायची. कपाटातला फुकटचा कपडा आणि थाट असा, की जणू लग्नाचा सूट शिवतेय! आम्ही महिला मंडळातल्या बायका कुरकुरायचो. धुतलेले, इस्त्री केलेले, चांगले कपडे आम्ही देतो. मग आठ-आठ दिवस त्यांची चिरफाड कशाला? मी तर म्हणायचे, एकटी राहते, एकेकाला असतं काहीतरी खूळ.

दोन हिवाळ्यांपूर्वी मावशीला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे ती दवाखान्यात होती, आणि किल्ली माझ्याकडे आली. मी मोठ्या हौसेने कपाट आवरलं. मापाप्रमाणे गठ्ठे लावले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. आमच्या धाकटीला लहान झालेला जांभळट लोकरी कोटही त्यात ठेवला. मी स्वतः पसंत केलेला कोट होता तो, जहाजाच्या नांगराच्या नक्षीची पितळी बटणं असलेला.

त्याच आठवड्यात बाइंडरची बायको आली. तिचा नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा, छातीच्या दुखण्याने काम सुटलं. ती दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुते. दारात उभी राहून म्हणाली, "मुलीला काही गरम असलं तर..." मी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही. कोट काढून हातात ठेवला. "घ्या हो, संकोच कसला त्यात!" मला त्या दिवशी फार बरं वाटलं. इतकं, की रात्रीच्या प्रार्थनेत मी त्याबद्दल देवाचे आभारही मानले.

रविवारी देवळाच्या पायऱ्यांवर ती पोर दिसली. तेरा वर्षांची, किडकिडीत, पण गायकवृंदात वरचा सूर तिचाच. एकदा लागला की मागच्या बाकावरची झोपलेली माणसंही सरळ बसतात. अंगात आमचा कोट. मी पुढे झाले, तिची कॉलर नीट केली आणि चारचौघांत म्हणाले, "अय्या, आमच्या धाकटीचा कोट! किती शोभतोय गं तुला! खिशात बघ हं, तिच्या चॉकलेटची चांदी असेल अजून, तिला सवयच आहे."

सगळे हसले. तीही हसली. खिशात हात घातला, आणि खरंच चांदीचा चुरगळलेला कागद निघाला. पुन्हा सगळे हसले.

पुढच्या रविवारी वरचा सूर नव्हता. पोर नव्हती, आई नव्हती. कपाट उघडलं तर कोट घडी घालून ठेवलेला, ब्रश केलेला, इस्त्री मारलेला. खिशात तो चांदीचा कागद होता, नखाने सपाट करून चार घड्या घातलेला.

मला वाटलं, माप चुकलं असेल. घरी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "तुझा हात सढळ आहे, पण जीभ त्याच्याही पुढे धावते." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसरा रविवारही तसाच गेला.

मावशी बरी होऊन घरी आली तेव्हा मी किल्ली आणि कोट दोन्ही घेऊन वर गेले. पांघरुणात बसली होती, अर्धी झालेली. मी म्हटलं, "बाइंडरच्या पोरीला कोट आवडला नाही वाटतं. देवळातही येत नाहीत दोघी."

मावशीने कोट हातात घेतला. बटणांवरून अंगठा फिरवला. "बटणं तीच?"

"चांगली पितळी आहेत, म्हणून..."

"आणि चारचौघांत तू तो ओळखलास."

"अगं, कौतुकच केलं मी!"

"ते कळलंय मला. तिची आई दवाखान्यात भेटली होती, माझ्याच चादरी बदलत होती. पोर म्हणते, सूर लावायला तोंड उघडलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि बघतात तेव्हा कोटच बघतात. आणि तो कागद, म्हणे, त्यांचा आहे, परत द्यायला हवा."

माझे कान तापले.

मावशी हळूहळू म्हणाली, "मी अनाथाश्रमात वाढले, ठाऊक आहे ना तुला? मला एक निळा फ्रॉक मिळाला होता. खिशावर एक अक्षर भरलेलं, लाल दोऱ्याने. माझ्या नावाचं नव्हे. ज्या मुलीचं होतं ती माझ्याच वर्गात. रोज प्रेमाने म्हणायची, जपून वापर हं. चांगली मुलगी होती गं. वाईट असती तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं. वर्षभर मी एका हाताने ते अक्षर झाकायचे आणि दुसऱ्या हाताने जेवायचे."

मला रडू फुटलं. म्हटलं, "मी आत्ताच जाते. तिच्या पाया पडते, माफी मागते."

"मुळीच जाऊ नकोस!" मावशीला खोकला आला, पण हात वर करून तिने मला थांबवलंच. "तू दारात उभी राहिलीस की तुझ्याबरोबर तो कोटही पुन्हा उभा राहणार. वर तिने तुझे डोळे पुसायचे. तुझं मन हलकं करायला त्या पोरीच्या खांद्यावर ओझं नको. त्यापेक्षा बस इथे. माझ्या हातात अजून जोर नाही. हे अर्धं ब्लेड घे. उसव."

"काय उसवू?"

"सगळं."

तीन दुपारी मी तिच्या खिडकीशी बसून माझाच कोट उसवला. आधी बटणं. ती डब्यात टाकली तेव्हा बाकीच्यांत मिसळून गेली. मग बाह्या, मग खांदे, मग कॉलर. शिवणीतला धागा ओढून ओढून बोटं सोलली. कापडाची आतली बाजू बघून मी थक्क झाले. वरून विटलेला जांभळा, आतून गडद, जवळजवळ वांग्याच्या सालीसारखा. मावशी म्हणाली, "कोट उलटवायचा. आतलं बाहेर. काजं दुसऱ्या बाजूला येतात, म्हणून पुढून पट्टी लावायची. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"खोटं नाही का होणार ते?"

"पोरीने विचारलं तर सांगेन, जुनं कापड आहे, शिवण नवी. तिने विचारायला हवं आणि मी सांगायला हवं. वाटेवरच्या माणसांना काय करायचंय?"

तिसऱ्या दुपारी अस्तर राहिलं. अस्तरावर आतल्या बाजूला मी एक छोटा पक्षी भरला होता. धाकटी गोवराने महिनाभर अंथरुणावर होती तेव्हा तिच्या उशाशी बसून भरलेला. पक्षी पुरा झाला त्या दिवशी तिने पहिल्यांदा उठून खायला मागितलं होतं. ब्लेड तिथे येऊन अडलं.

मी म्हटलं, "मावशी, एवढं राहू दे ना. आत आहे, कोणाला दिसतंय?"

"तुला दिसेल. ती समोरून आली की तुझी नजर तिथेच जाणार, अस्तराच्या आत. तिला तेवढंही कळतं गं."

ब्लेड हातात, पक्षी मांडीवर.

मग मावशीचा आवाज मऊ झाला. "वेडे, तो फेकून दे म्हणतेय का मी? तो तुझा आहे. कापून घे आणि घरी ने. मुळात देण्याआधीच काढून ठेवायचा होतास. आपलं म्हणून काही ठेवणं यात पाप नाही. देऊन टाकायचं आणि वर एक टोक धरून बसायचं, त्याने घेणाऱ्याचा गळा आवळला जातो."

मी पक्षी भोवतीने कापून घेतला. तो या वहीच्या मागच्या कव्हरला टाचलेला आहे.

पुढच्या आठवड्यात मावशीने बाइंडरच्या बायकोला निरोप धाडला. दुखण्याने कामं तुंबली आहेत, फ्रॉकांच्या दुमडी घालायला बाईमाणूस हवं, मजुरी रोख. आणि पोरीलाही आण, एका कोटासाठी तिचं माप हवंय. दोघी आल्या. मी तिथे नव्हते, मावशीने येऊच दिलं नाही. पण नंतर एवढं सांगितलं, की पोर स्टुलावर उभी राहिली, मावशीने खांद्याचं माप दोनदा घेतलं आणि तिला विचारलं, "खिसे कुठे हवेत? आत, की बाहेर?"

"एवढा वेळ पोर बाहुलीसारखी उभी होती," मावशी म्हणाली. "खिशांचं विचारल्यावर आरशात बघितलं तिने. म्हणाली, दोन आत, आणि खोल हवेत."

"कापडाचं विचारलं का तिने?"

"ते तिचं आणि माझं," मावशी म्हणाली आणि मशीन चालवायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी मी घरातून निघतानाच प्रार्थना केली, की प्रभू, आज माझ्या तोंडावर पहारा ठेव. पायऱ्यांवर पोहोचले तर ती आईबरोबर येतच होती. गडद कोट, कमरेत बसलेला, पुढून सरळ पट्टी, काळी साधी बटणं. मला खरंच क्षणभर ओळखू आला नाही. ओळखला तो धागे ओढून सोललेल्या बोटांनी.

डॉक्टरीणबाई माझ्या शेजारीच होत्या. "अगं बाई, नवा कोट! कुठून घेतलास गं?"

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे थोडे पिंगट आहेत आणि उजव्या भुवईत एक बारीक व्रण आहे. वर्षानुवर्षं त्या पोरीला मी दर रविवारी बघत होते, पण हे मला त्या दिवशी दिसलं. ती वाट बघत होती. माझ्या जिभेच्या टोकाशी चार वाक्यं येऊन उभी राहिली, सगळी प्रेमाची. मी जीभ दातांखाली धरली.

"बटणमावशींनी शिवला," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "माझ्या मापाचा." मग माझ्याकडे वळून, जरा हनुवटी वर करून, "काकू, कसा झालाय?"

"खांद्यात अगदी बरोबर बसलाय," मी म्हटलं. "चल, घंटा झाली. तुझ्यावाचून महिनाभर आम्ही सगळे खालच्याच सुरात गातोय, आज जरा वर ने आम्हाला."

ती हसली. त्या पहिल्या रविवारच्या हसण्यासारखं नव्हे, खरंच हसली, आणि खोल खिशांत हात घालून आत पळाली.

दुसऱ्याच गीताला वरचा सूर लागला. मागच्या बाकावर दोघं जण सरळ बसले.

उपासना संपल्यावर मावशी दाराशी गाठ पडली, शाल घट्ट गुंडाळलेली. म्हणाली, "काय गं, जीभ चावलीस का?"

"चावली."

"रक्त आलं?"

"थोडंसं."

"मग टाका पक्का बसला," ती म्हणाली. गळ्यातली किल्ली काढून तिने माझ्या हातात ठेवली. "गुरुवारी येत जा. डोळ्यांना आता सुई ओवता येत नाही. आणि येताना तुझा तो हिरवा स्वेटर आण, गेली पाच वर्षं देते-देते म्हणतेस. आधी घरी बसून ठरव, द्यायचाय का ते. नसेल द्यायचा तर अंगात घालून ये. मला दोन्ही चालेल."