जुना माल कोणाचा

आमच्या धाकट्या भावाबद्दल सांगायचं तर बोलण्यात त्याचा हात धरणारा आमच्या घरात कोणी झाला नाही. आणि आमचं घर काही मुक्यांचं नाही. मी स्वतः सातवी पास, वेल्डिंग करतो. माझ्या हातचा सांधा आजवर सुटलेला नाही, हे गिऱ्हाइकं सांगतात, मी नाही. पण धाकटा आमच्याही वरचा. गल्लीत सगळे त्याला वकील म्हणायचे. भांड्यांच्या दुकानात कामाला होता. कुकरचं झाकण घ्यायला आलेली बाई अख्खा कुकर घेऊन जायची, वर खूश होऊन जायची.

मग बिस्किटांच्या एका एजन्सीने त्याला सेल्समन म्हणून बोलावलं. ठरलेल्या दुकानांची एक लाईन, ती फिरून ऑर्डरी घ्यायच्या. मी त्याला बजावलं, पगार मोठा दिसला म्हणून लगेच सही ठोकू नकोस, सगळं विचारून घे. आणि त्याने विचारलं, उगाच नाही सांगत. बांधलेला पगार किती, कमिशन कशावर, टार्गेट हुकलं तर काय, पेट्रोल कोणाचं. मॅनेजर म्हणाला, एवढं तर माझ्या सासऱ्यानेसुद्धा विचारलं नव्हतं. घरी हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो.

एकच राहिलं. या लाईनवर आधी कोण होतं आणि तो का गेला? ते धाकट्याला सुचलं नाही. मलासुद्धा सुचलं नाही, म्हणजे बघा.

पहिल्याच दुकानात दुकानदाराने ऑर्डर द्यायची सोडून काउंटरखालून खोका ओढला. आत मुदत संपलेले पुडे. आधीच्या सेल्समनने टार्गेट भरायला सगळ्यांच्या गळ्यात माल मारला होता, नाही खपला तर परत नेतो असं सांगून. तो गेला पळून, माल राहिला. पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्यात तेच.

"आधी हे उचल," एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "मग तोंड उघड."

मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणे, लेखी आहे का कुठे? तो माल आमचा नाही.

दुसरा कोणी असता तर हात वर करून मोकळा झाला असता. आमच्या रक्तात ते नाही. धाकट्याने प्रत्येक दुकानदाराला शब्द दिला, मी मिटवतो. जुने पुडे मोटरसायकलला बांधून घरी आणायचा आणि बदल्यात नवे द्यायचा, आपल्या पगारातून. खोके आधी खाटेखाली गेले, मग शिलाई मशीनवर चढले, मग खिडकी झाकली. भरदिवसा दिवा लावायची वेळ आली. मुंग्यांची रांग थेट उशीपर्यंत.

त्याची बायको माझ्याकडे आली. "दादा, तुमचं तरी ऐकतील. या घरात माणसांनी राहायचं की बिस्किटांनी?"

मी सांगून पाहिलं. शब्द दिलाय, एवढंच म्हणाला.

दुकानदारांनी माल बदलून घेतला आणि ऑर्डरी दुसऱ्या कंपनीला दिल्या. एकदा पोळले होते, त्यांचं तरी काय चुकलं? टार्गेट हुकलं, नोकरी गेली. भांड्यांच्या दुकानात तोवर मालकाचा भाचा उभा राहिला होता. धाकटा घरी बसला. जेवताना मीठ लागलं तरी मागायचा नाही, हात लांब करून घ्यायचा. त्याची बायको त्याला मुद्दाम काहीबाही विचारायची, तो मान हलवायचा.

परवा एका साबणाच्या एजन्सीने बोलावलं. या वेळी मी बरोबर गेलो, आणि बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांतला मी नाही. आत जाऊन सरळ विचारलं, साहेब, याच्या आधी या लाईनवर कोण होतं?

मॅनेजर खरं बोलला, ते मानायला पाहिजे. "वर्षात तिघं येऊन गेले. बाजारात आमचा जुना माल पडून आहे. तो सेल्समननेच निस्तरायचा."

माझं काम झालं होतं. मी खुर्ची मागे सारली, उभा राहिलो, धाकट्याकडे पाहिलं. तो उठला नाही. टेबलाच्या काचेकडे बघत होता.

"उद्यापासून येऊ का?" तो म्हणाला.

मॅनेजरने कागद पुढे सरकवला. मी खुर्ची परत पुढे ओढली आणि बसलो. सोबत आलोय म्हटल्यावर सही होईपर्यंत थांबायला नको?