पुढचं पातं आणि मागचा ड्रम

सुखदेवजी मिस्त्रींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त या गौरवग्रंथासाठी लिहा, असं समितीनं मला सांगितलं. जुना शागीर्द आहे, गोड गोड लिहील, असं त्यांना वाटलं असावं. तेवढंच लिहिता आलं असतं तर मीही सुटलो असतो.

त्यांची पहिली भेट सत्तरच्या दशकात झाली, वाशीमच्या बसस्टँडमागच्या त्यांच्या वर्कशॉपात. मी आयटीआयचं सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांनी ते बघितलंही नाही, माझ्या हातात कानस दिली. "कागद राहू दे पोरा, लोखंड घासून दाखव." तासभर घासल्यावर म्हणाले, "उद्या ये." एवढीच माझी मुलाखत.

त्यांची बुद्धी कशी चाले, ते सांगतो. पुढं लोडर असलेला एक जुना ट्रॅक्टर त्यांचे धाकटे भाऊ पुंडलिकराव चालवीत. त्याची अवजारं उचलणारी मागची लिफ्ट मोडलेली, सुटे भाग मिळेनात. सुखदेवजींनी लोडरची बादली उतरवली, तिच्या जागी अवजार अडकवायची तीन खुंट्यांची चौकट वेल्ड केली आणि मागं लावायचं सपाटीचं पातं पुढं बसवलं. खळी सारखी करायला गावोगावहून बोलावणी येऊ लागली. लोक वाहवा करत, पण त्यांना धास्ती मागच्या बाजूची होती. म्हणून त्यांनी दगडांनी भरलेला एक ड्रम मागं अडकवला आणि मला बजावलं, "बिरेक मागच्याच चाकाले हाय. पुढं वजन आलं का मागचे चाकं हलके होतात, मंग बिरेक कायले धरन? ड्रमाबिगर गाडी हालवाची नाही."

खंडेनवमीला वर्कशॉपातल्या सगळ्या अवजारांची पूजा होई. ड्रम तेलानं माखला होता, म्हणून मी तो कप्पीनं काढून धुतला, हळदकुंकू वाहून भिंतीशी ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवरची फुलं मी उतरवली. ड्रमावरची राहून गेली, आणि ड्रमही तिथंच राहिला. सुखदेवजी कामाला शिरपूरला गेले होते. पुंडलिकराव अनसिंगला खळं करायला निघाले. सीटवरूनच त्यांनी विचारलं, "मागं बरोबर हाय ना किसन?"

"हाव जी," मी म्हणालो. मान वळवून बघितलंही नाही.

अनसिंगच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक धरला नाही. पातं उचललेला ट्रॅक्टर नाल्यात उलटला. पुंडलिकराव जागीच गेले.

सुखदेवजी परतले आणि सगळ्यात आधी भिंतीशी गेले. ड्रमावर झेंडू तसाच होता. मी त्यांच्या पायांवर पडलो. त्यांनी मला उठवलं, बाहेर आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "ड्रम म्या काढला होता." नंतर मी रडू लागलो तेव्हा हळूच म्हणाले, "माहा भाऊ त गेलाच हाय. तुले बी कायले घालवू? चूप राह्य."

आणि मी गप्प राहिलो, याची मला अतोनात लाज वाटते. त्यांच्या आईनं मरेपर्यंत त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. पुंडलिकरावांच्या पत्नी कमलावहिनींनी त्यांना दार बंद केलं. सुखदेवजींनी ती चौकट कापून भंगारात टाकली, पुन्हा कुणाला करून दिली नाही. मला मात्र वेल्डिंग शिकवलं, माझ्या लग्नात उभे राहिले, मी आसेगावला दुकान टाकलं तेव्हा आपलं मशीन देऊन टाकलं. त्या मशीनवर मी घर बांधलं, मुलं शिकवली. एकदाही त्यांनी त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

हे छापू नका, असं ते म्हणतीलच. आयुष्यभर त्यांचं ऐकलं, या एका गोष्टीत ऐकणार नाही. वहिनी, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून छापून झाल्यावर हे पान मी स्वतः तुमच्या दारी येऊन वाचून दाखवीन. ड्रम मी काढला होता. पुंडलिकरावांना खोटं उत्तर मी दिलं. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यांच्यासाठी दार उघडा.

सुखदेवजींना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. आईच्या हातून जी माफी राहून गेली ती भावजयीकडून मिळण्याइतकं तरी मिळो, आणि त्यानंतर तिच्या ओसरीवर निवांत बसण्याइतकंही.