हिरवा ठिपका

कपबशांच्या कारखान्यात तीस वर्षं त्याचं एकच काम होतं. लाकडी दांडीने कपाला हलकेच टिचकी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर बुडाला हिरवा ठिपका, बद्द वाजला तर टोपलीत. मालकसुद्धा त्याच्या कानाला टरकून असे. सगळे त्याला टिचकीमास्तर म्हणत आणि त्यालाही ते मनापासून आवडे.

घरी मागच्या खोलीत भांडी घडवायचं त्याचं स्वतःचं चाक होतं. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे तो शिकला, तो म्हणाला होता, "असा हात मी दुसरा पाहिला नाही." पण हात सोन्याचा असला तरी कान सावत्र बापाचा. भट्टीतून निघालेलं भांडं दांडीखाली जाई आणि तिथून परसातल्या खापरांच्या ढिगात.

"लोकांची पोरं पास होतात, आपलं एकही नाही," बायको म्हणे.

"एक तरी असं करीन, की बघत राहशील," तो हसून म्हणे.

तो निवृत्त झाल्यावर मुलीने गावातल्या प्रदर्शनात त्याचं नाव दिलं. पाच भांडी हवी होती. महिनाभर राबून त्याने बारा केली आणि एका सकाळी ती वाजवायला बसला.

बद्द. फोडलं. बद्द. फोडलं.

सातव्याला दारात उभ्या बायकोला राहवेना. "अहो, केवढं गोड वाजतंय ते."

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणत त्याने तेही फोडलं.

ती आत जाऊन स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आली. त्याच्या कानाशी पेला वाजवला. "आणि हा?"

"बद्द," तो म्हणाला, आणि त्याच्या हातातली दांडी गळून पडली.

कान कधीपासून गेला होता? दोन वर्षं? पाच? त्याने परसातल्या ढिगाकडे पाहिलं. त्यात धडधाकट किती होती, हे आता कोण सांगणार? त्याला रडू आलं.

दुपारी मुलगी खोकं घेऊन आली. आईने तिला सगळं सांगितलं.

"पाच उरलीत ना बाबा, पाचच हवीत. आम्ही दोघींनी वाजवून पाहिली, छान आहेत. तुमचा ठिपका द्या, मी भरते."

त्याने ब्रश रंगात बुडवला. भांडं उलटं केलं. सवयीने कानाशी नेऊन वाजवलं.

"न ऐकता मी आजवर एकही पास केलं नाही गं," तो म्हणाला.

मुलगी खोकं उघडं धरून थांबली. ब्रशवरचा रंग वाळून गेला.